हेसिकियसची भुवई आणि आपली अब्रू

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली की मोबाईलवर एक यादी फिरू लागते. डाव्या बाजूला 'परकीय' शब्द, उजव्या बाजूला 'शुद्ध' मराठी. अर्ज म्हणू नका, आवेदन म्हणा. तारीख म्हणू नका, दिनांक म्हणा. वकील नको, विधिज्ञ. तळाशी हमखास शिवाजी महाराजांचे चित्र आणि राजव्यवहारकोशाचा दाखला. मला ही यादी दरवेळी तीन-चार जण तरी पाठवतात. एका सद्गृहस्थांनी खाली एक ओळही जोडली होती, 'तुम्हाला जड जाईल, पण प्रयत्न करायला हरकत नाही.' त्यांचे आडनाव 'नीस'वर संपते. हा नीस म्हणजे फारसीतला नवीस, लिहिणारा. 'हरकत' तर अरबीच. मला शुद्ध व्हायचा सल्ला द्यायलाही त्यांना माझ्याच 'परकीय' शब्दांची उसनवारी करावी लागली.

यादीचे खरे दुखणे शब्दांचे नाही, हे आपल्याला कळते आणि पाठवणाऱ्यालाही. शब्द बाहेरचा म्हटला की तो शब्द घरात बोलणारा माणूसही आपोआप बाहेरचा ठरतो. ते तोंडाने म्हणावे लागत नाही, एवढीच यादीची सोय. म्हणून या यादीला एकदा नीट उत्तर द्यायला हवे. त्यासाठी जरा लांबून, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून यावे लागेल.

तिथे इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात हेसिकियस नावाचा एक कोशकार होऊन गेला. त्याच्याविषयी फारशी माहिती उरलेली नाही, कोश उरला आहे. पन्नास हजारांहून जास्त नोंदी. ग्रीक पुस्तकांत आणि बोलींत आढळणारे विचित्र, जुने, दुर्मीळ, गावंढळ शब्द त्याने आधीच्या कोशांतून वेचून एकत्र केले. शब्द, त्याचा अर्थ, आणि जमेल तिथे तो कोण बोलते ते. क्रीटचे लोक असे म्हणतात, स्पार्टाकडचे असे म्हणतात, इराणी असे म्हणतात. आणि अधूनमधून : मॅसिडोनियन असे म्हणतात.

मॅसिडोनियन म्हणजे सिकंदराचे लोक. या सिकंदराने अर्धे जग जिंकले, पण त्याच्या घरच्या बोलीत लिहिलेले एकही पुस्तक आज नाही. त्याच्या राज्याचा कारभार अथेन्सच्या ग्रीकमध्ये चाले. अमेरियस नावाच्या एका मॅसिडोनियन माणसाने शब्दसंग्रह केला होता, तो हरवला. आज त्या बोलीचे दीडशेच्या आसपास शब्द माहीत आहेत आणि त्यातले बहुतेक हेसिकियसमुळे. हेसिकियसच्या कोशाची तरी प्रत किती? एक. पंधराव्या शतकातली एकच हस्तलिखित प्रत, आज व्हेनिसच्या ग्रंथालयात आहे. तिच्यावरून १५१४ मध्ये कोश पहिल्यांदा छापला गेला. छापण्याआधी संपादकाने त्या एकुलत्या प्रतीवरच आपल्या दुरुस्त्या करून ठेवल्या. संपादकांची ही खोड जुनीच आहे.

त्या शब्दांत एक शब्द आहे 'अब्रूतेस'. अर्थ दिला आहे भुवया. नकलकाराच्या हातून त्यातले एक अक्षर बदलले असावे, असे अभ्यासक म्हणतात. तो शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चमकलो, कारण फारसीत भुवईला 'अब्रू'च म्हणतात. संस्कृतात भ्रू, मराठीत भुवई, ग्रीकमध्ये ओफ्रीस. सगळी एकाच घरातली भावंडे. आणि मराठीतली 'अब्रू'? ती मात्र या घरची नाही. ती फारसी 'आब-रू'वरून आली, आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, तेज. आता शुद्धीच्या यादीवाल्यांनी सांगावे, यात आपले कोण आणि परके कोण? फारसी अब्रू ही मराठी भुवईची सख्खी बहीण आहे. आणि अब्रू गेली म्हणून विहीर जवळ करणाऱ्या मराठवाड्यातल्या बाईला तो शब्द इराणचा आहे, हे कोणी सांगितले तर ती काय म्हणेल?

सिकंदराच्याच छावणीतली एक गोष्ट रोमन इतिहासकार कर्टियसने लिहून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी ३३० मध्ये फिलोटस या सेनापतीवर कटाचा आरोप आला. तो बाजू मांडायला उभा राहिला तेव्हा सिकंदराने विचारले, बापजाद्यांच्या भाषेत बोलणार का? फिलोटस म्हणाला, इथे मॅसिडोनियनांखेरीज इतरही बरेच आहेत, सगळ्यांना समजेल अशा भाषेत बोलतो. लगेच सिकंदर सैन्याकडे वळला : बघा, याला आपल्या बापाच्या भाषेचासुद्धा तिटकारा आहे. फिलोटसला ठार मारण्यात आले. कट खरा होता की खोटा, यावर आजही वाद आहे. भाषेने निष्ठा मोजायची रीत मात्र तेवढी जुनी आहे. आणि ज्या सिकंदराने ती मोजली, त्याने स्वतः ती भाषा टिकावी म्हणून काय केले, ते वर आलेच आहे.

आपल्याकडच्या कोशाकडे येऊ. राजव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावर आहे आणि तो राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, आगेमागेच्या काळातला. दहा वर्ग, तेराशेच्या वर शब्द. दरबारात, किल्ल्यात, दप्तरात, बाजारात चालणाऱ्या फारसी-अरबी शब्दांना त्यात प्रतिशब्द दिले आहेत. नव्या राजाने नवी परिभाषा करावी, यात मला काहीच वावगे वाटत नाही. स्वतंत्र राज्य उभे राहते तेव्हा नाणे पाडतात, शिक्का करतात, पदांची नावे बदलतात. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. हा सार्वभौमत्वाचा उद्योग होता. त्याला 'मुसलमानांचे शब्द हाकलण्याची मोहीम' हे रूप आपल्या काळाने दिले.

यादीवाले सांगत नाहीत ती गोष्ट ही : हा कोश संस्कृत श्लोकांत आहे आणि प्रतिशब्दही संस्कृत आहेत. शेतकऱ्याच्या तोंडच्या मराठीत कोणीही भाषांतर केलेले नाही. एका दरबारी भाषेच्या जागी दुसरी दरबारी भाषा. आणि लोकांनी त्याचे काय केले, ते इतिहासाला ठाऊक आहे. कोशाने 'पेशवा' घालवून 'प्रधान' आणला. पुढे शंभर वर्षे राज्य कोणी केले? शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' कोरलेले असायचे आणि अवघा मुलूख त्यांना पेशवेच म्हणायचा. पुण्याच्या त्या दप्तरात जमा, खर्च, वसूल, बाकी, रोजकीर्द सुखाने नांदत होते. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, जामदार, किल्लेदार ही पदे आडनावे होऊन घराघरांच्या दारावर गेली. फारसी पत्रव्यवहार बघणाऱ्याचे तर आडनावच पारसनीस झाले.

माझ्या दृष्टीने राजव्यवहारकोशाची थोरवी वेगळीच आहे. सतराव्या शतकात मराठी कारभारात कोणकोणते फारसी-अरबी शब्द रुळले होते, याचा इतका नीटनेटका पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण. ज्याला शब्द काढायचे होते त्यानेच ते वर्गवार लावून, श्लोकात बांधून, आपल्यासाठी जपून ठेवले. कोशकाराचा हेतू काहीही असो, कोश साक्ष देतोच.

इथे कोणीतरी राजवाड्यांचा हिशेब काढणार. इतिहासाचार्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांच्या पत्रांतले शब्द मोजले आणि मराठी शब्दांचे प्रमाण शंभरात चौदाच्या आसपास होते ते त्र्याण्णवच्या वर गेले, असे दाखवले. मोजण्याची कल्पना त्या काळी कोणाला सुचली, याबद्दल राजवाड्यांना सलाम. पण शंभर वर्षांच्या भाषेचा निकाल तीन नमुन्यांवर लागत नाही. सरकारी हुकूम आणि घरगुती पत्र शेजारी ठेवले तर आजही असाच फरक दिसेल. आजच्या बँकेच्या फॉर्ममधले शब्द मोजून कोणी म्हणाले की मराठी आता इंग्रजीच झाली, तर मान्य कराल?

खरा नमुना हवा असेल तर पैठणला जा. एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात 'अर्जदस्त' नावाचे भारूड रचले. सरकारात द्यायच्या अर्जाचा घाट घेऊन त्यांनी अध्यात्म सांगितले. ऐकणाऱ्या गावकऱ्यांना दप्तरी शब्द कळत होते म्हणूनच त्यातला विनोद पोचत होता. 'हिंदू-तुर्क संवाद'ही त्यांचाच. नाथांच्या मराठीला अशुद्ध म्हणायची कोणाची छाती आहे?

पुढच्या काळातला माधव जूलियन यांचा प्रकार मला फार चटका लावतो. मराठीत गज्जल रुजवणारा हा कवी फारसीचा प्राध्यापक होता. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश केला. आजही मराठी कागदपत्रे वाचणाऱ्याच्या टेबलावर तो लागतो. आणि हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीकडे वळले. १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' आला. ज्यांनी शब्द मोजून, जपून, समजावून दिले, त्यांनीच पुढे त्यांना निरोप द्यायला सांगितले. त्यांचे कोणते काम टिकले? कोश टिकला.

सावरकरांनी घडवलेले काही शब्द मीही वापरतो. महापौर चांगला शब्द आहे, दिग्दर्शकही. नवा शब्द आणा, लोकांना आवडला तर राहील. तक्रार नव्या शब्दाबद्दल नाही, जुन्याला दाखवल्या जाणाऱ्या दाराबद्दल आहे. आणि ते दार कुठे-कुठे दाखवणार? लातूरच्या आडत बाजारात सकाळी सौदा निघतो तेव्हा उभे राहून ऐका. माल, दलाल, हमाल, हमाली, बाजार, नफा, रक्कम, शिल्लक, हिशेब. शेतकरी खरिपाचा सोयाबीन घेऊन आलेला असतो, रब्बीचा हरभरा अजून रानात असतो. खरीप आणि रब्बी दोन्ही अरबी. हंगाम फारसी. पाऊस गेला तर त्याला मावेजा हवा असतो. हा 'मावेजा' मराठवाड्याचा खास शब्द, मूळ मुआवजा. पुण्याचा वार्ताहर नुकसानभरपाई लिहील, नांदेडचा मावेजाच लिहितो. यादीत हे शब्द नसतात. यादी करणारा मोंढ्यावर कधी गेलेला नसतो, हे त्याचे साधे कारण.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही जण खूश झाले असतील. थांबा. आता आपली पाळी.

मराठवाड्यातल्या मुसलमानाच्या घरात जी भाषा बोलली जाते तिला जनगणनेच्या कागदावर आपण 'उर्दू' लिहितो. ती उर्दू आहे का? 'मेरेकू नक्को.' 'हल्लू जा रे.' 'अब्बीच आया ना मैं.' 'लोगाँ काइकू जमे?' लखनौच्या माणसाला ऐकवा, तो हसेल. 'नक्को' हा आपला मराठी नको. 'हल्लू' म्हणजे हळू. 'अब्बीच'मधला च ज्ञानेश्वरांच्या ओवीतही आहे आणि माझ्या दादीच्या रागातही होता. 'उने आता बोलके बोल्या' या वाक्यातले 'बोलके' बघा. तो येतो म्हणून म्हणाला, यातल्या 'म्हणून'चे काम ते करते. दिल्लीच्या उर्दूत ही रचना नाही. मराठीत आहे, तेलुगू-कानडीत आहे. शब्द उत्तरेचे, वाक्याची हाडे दख्खनची. या भाषेचे नाव दकनी. दिल्ली-लखनौत उर्दू शायरीचा दरबार भरण्याच्या किती तरी आधी ती काव्याची भाषा होती.

तिची सर्वांत जुनी मोठी कविता 'कदमराव पदमराव' आपल्या उदगीरच्या शेजारी, बीदरच्या बहमनी दरबारात, पंधराव्या शतकात लिहिली गेली. तिचीही ज्ञात प्रत एकच. ती कराचीत राहिली आणि जमील जालिबींनी १९७३ मध्ये छापून काढली. हेसिकियसच्या कोशासारखेच नशीब. त्याच बीदरात शाह मुंतोजी बहमनी यांनी मराठीत 'सिद्धसंकेत प्रबंध' लिहिला. तेव्हा एका गावात दोन्ही भाषा बोलायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आणि आज? नांदेड असो की लातूर, उर्दू शाळेत मूल 'नक्को' म्हणाले की मास्तर दरडावतात, 'नहीं चाहिए बोलो.' 'कलम'मधला क़ाफ आपल्या तोंडी 'ख़लम' होतो, त्यावरून जलशात टवाळी होते. प्लूटार्कने लिहिले आहे की मॅसिडोनियन लोक फिलिपला 'बिलिप' म्हणत. त्या एका अक्षरावर आज भाषाशास्त्रज्ञ प्रबंध लिहितात. आपल्या ख़वर आपण मुलांना लाजायला शिकवतो. मुशायऱ्याला उत्तरेकडून शायर बोलावले की आपण दोन तास लखनवी होतो आणि घरी येऊन 'काइकू की नींद नई आरी' म्हणतो. मराठी शाळेत गेलेल्या पोराची अडचण उलटी. तिथे घरचा एक शब्द तोंडातून निघाला की 'मुसलमानी बोलू नको.' एकाकडून उर्दू बिघडवल्याचा आरोप, दुसऱ्याकडून मराठी बाटवल्याचा. पोरगे दोन्हीकडून गप्प बसते. दोन्ही शुद्धीवाले एकाच कापडाचे आहेत, फक्त टोपी वेगळी.

आपल्यातले जे मराठीत लिहितात त्यांचेही ऐका. कितीतरी जण मराठी इतकी सोवळी लिहितात की 'जागा' लिहायची वेळ आली तरी 'स्थान' लिहितात. कोणी 'तुमचे मराठी किती छान आहे हो' म्हणावे, यासाठी. ज्याची मातृभूमी कंधार-औसा आहे त्याला हे प्रमाणपत्र कशाला हवे?

आपल्याच मुलखात याहून वेगळी माणसे झाली आहेत. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत बसून दकनी पोथ्या शोधल्या, १६३५ च्या 'सबरस'चे संपादन केले, आणि मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींना मराठी, उर्दू, फारसी येत होतीच. नोकरी आदिलाबादकडे घेऊन गेली तर ते गोंडी शिकले आणि तिचे व्याकरण लिहून मोकळे झाले. साहेब होते, गोंडांना तेलुगू शिकायला सांगू शकले असते. १९६९ मध्ये हैदराबादेतून मसूद हुसैन खान आणि गुलाम उमर खान यांचा दकनी कोश निघाला. मोलाचे काम आहे, पण ती पोथ्यांतली दकनी. देगलूरच्या चुलीपुढची, उदगीरच्या बस स्टँडवरची, मुखेडच्या विणकराची, नांदेडच्या गुत्तेदाराची दकनी कोणत्या कोशात आहे?

१९८६ मध्ये ग्रीसमधल्या पेल्ला गावी, सिकंदराच्या राजधानीत, एका थडग्यात शिशाची गुंडाळी सापडली. १९९३ मध्ये तिच्यावरचा मजकूर छापला गेला. एका बाईने आपल्या माणसाचे दुसरीशी लग्न होऊ नये म्हणून केलेला जादूटोणा होता तो. मॅसिडोनियन भाषा ग्रीकच होती की निराळी, या वादात आज सर्वांत वजनदार पुरावा म्हणून तोच पुढे येतो. राजाच्या फर्मानांनी जे सांगितले नाही, ते त्या बिचारीच्या करणीने सांगितले. या वादात दोन देश तीस वर्षे भांडले, शेवटी एकाने २०१९ मध्ये आपले नाव बदलून उत्तर मॅसिडोनिया केले. खरे तर तिथली आजची भाषा स्लाव घराण्यातली, सिकंदरानंतर जवळजवळ हजार वर्षांनी तिकडे पोचलेली. पण मेलेल्या भाषेवर मालकी सांगायला कोणी मागे नसते. जिवंत असताना तिचे चार शब्द लिहून ठेवायला मात्र माणूस मिळत नाही.

आपल्याकडेही बायांनीच भाषा सांभाळली. सूफींच्या शिकवणीचे चक्कीनामे दकनीत जात्यावर गायले जात. शेजारच्या अंगणात त्याच वेळी ओवी चालू असायची. लग्नातली ढोलकाची गाणी अजून कुठे कुठे ऐकू येतात, पण आता डीजे आला आणि नानी-दादींच्या पिढीबरोबर पाठ असलेलेही जात आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. आनंदच आहे. त्यासाठी आपण हालाची गाथासप्तशती पुढे केली, म्हणजे महाराष्ट्री प्राकृत. तीही एकेकाळी पंडितांच्या लेखी सामान्यांची बोली होती. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' केली, संस्कृतातून सिद्ध होत नाहीत अशा शब्दांचा खास कोश. त्याने ते शब्द अशुद्ध म्हणून टाकले असते तर आज आपण दाखवायला काय नेले असते?

तेव्हा यादीवाल्यांशी भांडण चालूच ठेवू, पण संध्याकाळचा एक तास वेगळा काढा. मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर नक्को, हल्लू, बोलके, मावेजा आले आहेत. देगलूर, बिलोली, मुखेड, कंधार, औसा, निलंगा, उदगीर, जिथे असाल तिथले घरातले शब्द पाठवा. शब्द, अर्थ, गाव, आणि कोण कोणत्या कामाच्या वेळी म्हणते, एवढे पुरे. उर्दू लिपी येत असेल तर उर्दूत, नाहीतर देवनागरीत. शिव्याही चालतील. फक्त पाठवण्याआधी मौलवीसाहेबांना किंवा मराठीच्या सरांना दाखवून दुरुस्त करून घेऊ नका.